दोन दारांची पद्मिनी

गाडी खोलून परत जोडली की दोन-चार नट उरतातच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रफिकमिस्त्रीचं गॅरेज होतं, तिथं अशा उरलेल्या नटांनी एक तेलाचा डबा भरलेला असायचा. कुठले कुठले ते कुणाला आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. सगळे डोळ्यांनी बघितलेले आहेत, तेव्हा शंका घेऊ नका!

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. आम्ही तिघं. रफिकमिस्त्री, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असलेला अनिल कांबळे आणि शिरोली एमआयडीसीत फौंड्रीसाठी ओतकामाचे लाकडी पॅटर्न बनवणारा मी. तिघांना एकच वेड : मागच्या चाकांवर चालणारी, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कार! रद्दीत मिळालेल्या परदेशी मासिकांतून कळायचं की तिकडं शाळामास्तरसुद्धा असली गाडी घेतो. आम्हाला इथं शोरूमचा वॉचमन आत सोडत नव्हता.

मग अनिलनं एक जुनी पद्मिनी घेतली. तीही मागच्या चाकांवरच चालते की! दोन दारं तेवढी जास्त होती.

*

"मागच्या चाकांचं एवढं काय कौतुक?" असं कुणीतरी विचारायचंच. रफिक हातातला पाना खाली न ठेवता सांगायचा, "फुडच्या चाकांनी वळायचं, मागच्यांनी ढकलायचं. एकाच गड्याला दोन कामं सांगितली की दोन्ही बिघडत्यात!"

याच्याहून चांगलं उत्तर मी आजवर कुठल्याच मासिकात वाचलेलं नाही.

*

मागची दारं कापली, तिथं पत्रा वेल्ड केला, छप्पर चार बोटं खाली घेतलं. कापलेली दारं रफिकनं घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. कोंबड्यांना गरम व्हायला नको म्हणून त्याची अम्मी रोज सकाळी हँडल फिरवून काचा खाली करायची!

अनिलचे वडील आण्णा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी गडहिंग्लजच्या रस्त्यावर गेलेली. एकदा मुद्दाम ते खुराडं बघून आले आणि अनिलला म्हणाले, "कोंबड्यांची सोय झाली. माणसांचं काय?"

*

गाडी तयार झाल्यावर पहिला मान अनिलच्या आईचा. पुढची सीट वाकवून त्या मागं शिरायला लागल्या. एक पाय आत, एक बाहेर, डोकं छपराला! अनिल आतून ओढतोय, मी बाहेरून नुसतं "सावकाश, काकू" म्हणतोय. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "आरं, ह्यात बसायला लुगडं न्हवं, सर्कशीत नोकरी पायजे!"

आण्णांनी तर गाडीला हातही लावला नाही.

*

पेट्रोल पंपावर एका अनोळखी गृहस्थानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"पावणं, मागची दारं कुठं पडली?"

"काढून टाकली," अनिल ऐटीत म्हणाला. "वजन कमी व्हायला."

गृहस्थानं अनिलच्या पोटाकडं बघितलं. "मग सुरुवात चुकीच्या ठिकाणनं झाली की!"

*

पन्हाळ्याच्या वळणांवर रिकामी गाडी मागून घसरायची. आम्हाला तेच तर हवं होतं, पण इतकं नको! मागच्या चाकांवर वजन पाहिजे, असं अनिलचं फिजिक्स सांगत होतं. मी फौंड्रीतला माणूस, लगेच बिडाचा ठोकळा ओतायला निघालो. रफिक म्हणाला, "कोल्हापुरात ऱ्हातोस आणि बीड शोधतोस व्हय?"

डिकीत गुळाच्या चार ढेपा टाकल्या. गाडी काय चिकटून चालली म्हणता! पण उन्हाळ्याचे दिवस. गूळ पाघळला आणि डिकीतल्या भोकांतून थेट खाली उतरला. ॲक्सलला मुंग्या लागलेली स्पोर्ट्स कार जगात एकच असेल, आणि ती आमची होती!

*

त्या मुंग्या घरात शिरल्या आणि आण्णांचा संयम संपला. गडहिंग्लजहून मगदूम नावाचं गिऱ्हाईक त्यांनी ठरवून टाकलं. मगदूम इंजिन काढून पाण्याच्या पंपाला जोडणार होते, बाकीचं भंगारात.

"अनिताच्या लग्नाला येतील, जेवतील, गाडी घिऊन जातील," आण्णांनी सांगितलं. अनिता म्हणजे अनिलची बहीण. "माणसं वाहत न्हाय ती गाडी न्हाय. विषय संपला!"

अनिल वाद घालायचा थांबला. गॅरेजवर यायचा, गाडी पुसायचा आणि जायचा. मला फार वाईट वाटायचं. रफिक तर त्या दिवसांत कुणालाच मागच्या चाकांचं कौतुक सांगेना.

*

लग्नाचा हॉल पन्हाळ्याच्या पायथ्याला, एका माळावर. शेवटचा चढ कच्चा, उभा, तांबड्या मातीचा. सकाळी पाण्याचा टँकर चढत असताना त्याचा नळ निसटला आणि सगळं पाणी रस्त्यावर! वर आचारी, खाली वऱ्हाड, मधे चिखल.

बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळं झाडून सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. चालत जायला कोण तयार होणार? पाहुण्यांच्या नव्याकोऱ्या गाड्या चढाला लागल्या, पण सगळ्या पुढच्या चाकांवरच्या. चाकं जागेवर गरगर फिरायची आणि गाडी हळूच मागं यायची.

"आमच्यात मुहूर्त नसतोय," आण्णा ओरडले, "पर माणसं उपाशी हायती की!"

रफिक पुढं झाला. "पद्मिनी आणा. मागं दणकट माणसं बसवा."

नवरीच्या दोन आत्या आणि नवऱ्याचे मामा मागं कोंबले. गुळापेक्षा सरस वजन! पुढं लग्न लावणारे बौद्धाचार्य. अनिलनं गाडी चढाला घातली, ती जराशी डुलली आणि सरळ वर गेली. खाली टाळ्या पडल्या.

चौथ्या खेपेला आण्णांनी अनिलच्या बाजूचं दार उघडलं. "उतर. चिखलात मागची चाकं कशी हाणायची ते मला ठावं हाय." मग खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले, "चला, आत सरका! मागं जागा हाय!"

अख्खं वऱ्हाड वर पोचलं. पांढऱ्या साडीवर एक डाग नाही! लग्न लागलं, पंगती बसल्या.

मगदूम जेवले, हात धुतले आणि अनिलकडं आले. "चला, किल्ली द्या."

किल्ली आण्णांकडं होती. आण्णा हॉलमध्ये नव्हते. तेवढ्यात खालून इंजिन ओरडलं. आम्ही कठड्यापाशी गेलो. एव्हाना निम्मा चिखल वाळला होता. पद्मिनी जोरात वर आली, मधल्या वळणावर मागून मस्त घसरली, सरळ झाली, वरपर्यंत पोचली आणि न थांबता वळून परत खाली गेली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा खाली.

मगदूम घड्याळ बघत म्हणाले, "खाली अजून किती माणसं ऱ्हायल्यात हो?"

"एक बी न्हाय," अनिल म्हणाला.

गाडीचा आवाज परत वर यायला लागला होता.