गाठीचं डोहाळजेवण

माझ्या पोटातल्या एका गाठीचं डोहाळजेवण झालं होतं. तेही साधंसुधं नाही. सासूबाईंनी हौसेने खाडीत होडी सजवली, मला हिरवी साडी नेसवली आणि झाकलेल्या दोन वाट्या पुढे ठेवल्या. मी उघडलेल्या वाटीत पेढा निघाला. मुलगा होणार म्हणून बायकांनी असा गलका केला की होडी डुलायला लागली. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे कौतुकही तसंच दांडगं होतं.

पोट वाढत होतं, पाळी चुकली होती. शंका घ्यायला जागाच नव्हती. फक्त पोर हलत नव्हतं. सासूबाई पोटावर हात ठेवून ‘बग, लाथ मारतोय’ म्हणायच्या आणि सुईण मान डोलवायची. मला मात्र कधी काही जाणवलं नाही. नववा महिना गेला, दहावाही सरत आला. सुईण म्हणाली, “आळशी हाय पोर, बापासारका.” सगळ्या हसल्या. मला तिचा असा राग आला! मूल पोटातच गेलंय आणि मी त्याला घेऊन हिंडतेय, असं माझ्या मनाने घेतलं होतं. हे बोलायचं कुणाकडे?

शेवटी मला अन्न जाईना, तेव्हा ह्यांनी बैलगाडी जुंपली. नागावहून सासूबाईंसह आम्ही तिघं अलिबागला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोटाचा फोटो काढायचं यंत्र मुंबईला, आणि पावसाळ्यामुळे मुंबईच्या बोटी बंद. बाईंकडे दोन हात आणि एक लाकडी नळी. नळी पोटावर टेकवून त्यांनी बराच वेळ ऐकलं. बोटांनी टकटक केली, मला कुशीवर वळवून पुन्हा केली. मग तो गोळा दोन्ही हातांनी इकडून तिकडे सरकवून पाहिला.

“मूल नाही,” त्या म्हणाल्या.

“गेलं का?”

“अगं, कधी नव्हतंच. अंडाशयाला गाठ आहे.”

गाठ निघाली म्हणून कुणाला आनंद होतो का? मला झाला. माझ्या पोटात कुणी मेलं नव्हतं. सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला.

“वाईट आहे का?” ह्यांनी विचारलं.

“मोकळी सरकतेय, कुठे चिकटलेली नाही. साधी असावी. पण खात्री ती काढल्यावरच. आणि आत पीळ पडला तर जिवावर बेतेल. बोटी सुरू होईपर्यंत थांबायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला क्लोरोफॉर्म दिला. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई उशाशी होत्या. बाईंनी एनॅमलच्या भांड्यात गाठ चिरून ठेवली होती. आत थिजलेल्या तुपासारखं काहीतरी, केसांचा पुंजका आणि दोन-तीन दात! बाई खुशीत होत्या. “केसांची गाठ आहे. एवढी मोठी क्वचित दिसते, पण हिने माणूस दगावत नाही.”

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. “केस हायत, दात हायत, नि पोर न्हाय म्हनता? बाई, सुतक कवापासून धरू?”

मलाही पुन्हा तीच शंका आली. बाई हातातलं काम टाकून सासूबाईंसमोर बसल्या.

“कुमारिकेलाही होते ही गाठ. हिच्याच अंगाने भलत्या जागी केस नि दात उगवले, एवढंच. सुतक कसलं धरता? कुणी गेलेलं नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

सासूबाईंनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग मी जेवून येते. कालपासून पोटात काय न्हाय माज्या.”

“नातवासाठी उपास धरला होतात?” मी कसंबसं विचारलं.

त्या चिडल्याच. “नातू न्हाय ह्ये कालच कळलं व्हतं की. तुज्यासाठी धरला.”