ब्लोअरच्या खोलीची चावी

त्या कारखान्यात मला घेतलं ते मासे दाखवायला. हे आधी कळलं असतं तर मुलाखतीतूनच पायात चपला सरकवून बाहेर पडले असते.

पनवेलात तोवर माझं नाव ‘गटारवाली’ पडलंच होतं. मुलगी इंजिनिअर झाली एवढंच ज्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, त्यांना पर्यावरणाची इंजिनिअर कुठून झेपणार! शेजारच्या काकू भर जिन्यात विचारायच्या, “म्हणजे गटाराचंच ना गं ते?” त्यांच्या मुलानं बारावीत दोनदा आपटी खाल्ली होती, पण त्याचा विषय काढायची सोय नव्हती. वडील म्हणाले, “हौसेनं शिकलीस ना? आता कुठेतरी चिकट एकदाची.” चिकटले. पनवेलच्या पुढे, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात.

ऑफिसच्या व्हरांड्यात काचेची टाकी होती. तीत लाल मासे, आणि वर पाटी: आमच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यात मासे जगतात. पाहुणे आले की मी साडी नीट करून टाकीशेजारी उभं राहायचं आणि गोड बोलायचं. टाकीतलं पाणी कँटीनच्या नळाचं होतं. प्यूनला ठाऊक, वॉचमनला ठाऊक, मला तिसऱ्या दिवशी कळलं.

खरं पाणी मागच्या नाल्यातून काळंनिळं होऊन खाडीत जात होतं. ते साफ करायचं तर मोठ्या हौदात सतत हवा सोडत राहावी लागते. हवेवर जिवाणू जगतात, आणि जिवाणू घाण खातात. हवा सोडणारं मशीन म्हणजे ब्लोअर. तो वीज खातो, म्हणून मॅनेजरसाहेबांनी त्याच्या खोलीला कुलूप घातलं होतं. तपासणीला कुणी आलं की तेवढ्यापुरतं घरघर सुरू, गाडी गेटाबाहेर गेली की बंद. चावी साहेबांच्या खिशात.

मला ती चावी हवी होती. बाकी काही नको. रोज सकाळी मागायचे, आणि रोज साहेब ड्रॉवरमधून माशांच्या खाण्याचा डबा काढून माझ्या हातात द्यायचे. “मॅडम, तुम्ही हे सांभाळा.” आजूबाजूचे खी खी करायचे. माझं डोकं असं तापायचं की त्यावर चहा उकळला असता.

मग एक परदेशी गिऱ्हाईक आलं. मोठी ऑर्डर द्यायची होती त्याला. टाकीपाशी थांबून त्यानं विचारलं, “हे खरंच तुमच्या सांडपाण्यातले?” साहेब म्हणाले, “अर्थात!” मी मागे गेले, नाल्याच्या तोंडाशी जग बुडवला, निळ्या पाण्यानं भरलेला तो जग घेऊन व्हरांड्यात आले आणि टाकीवर धरला. ओतणार नव्हतेच, त्या मुक्या जिवांनी माझं काय घोडं मारलं होतं! पण साहेबांनी झडप घालून माझं मनगट पकडलं. सगळ्यांसमोर. पाहुण्यानं मनगटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, “तीन महिन्यांनी येतो. तेव्हा ओतू.”

तो गेल्यावर साहेबांनी चावी माझ्या पायाशी फेकली. “घ्या. चालवा. मासे मेले तर घरी जायचं. आणि या पट्ट्यात तुम्हाला कुठे उभं करत नाही कुणी, याची जबाबदारी माझी.”

जिवाणू काही दुकानात मिळत नाहीत. हौद सुरू करायला जिवाणूंनी भरलेलं शेण लागतं, ताजं. ते खाडीकडच्या गावात. तिथे गोठ्यापाशी एक बाई धारेची भांडी घासत होती. मी कारखान्याचं नाव घेतलं तशी उभीच राहिली.

“तुमच्या पान्यान आमची मासली मेली. उरली सुरली उरण नाक्यावं नेली त गिऱ्हाईक बोलतं रॉकेलचा वास येतो. आता शेन पन आमीच द्याचा?”

“मावशी, पाणी सुधारायलाच नेतेय.”

“सगलेच असा बोलतान.” तिनं घमेलं माझ्यापुढे ढकललं. “ने. पन गडी नाय मिलाचा. तूच डोक्यावं ने.”

नेलं. गळणारं शेण डोक्यावर घेऊन मी गेटातून आत शिरले, एकदा नव्हे, आठवडाभर. वॉचमन सलाम करायचा विसरला, पण हसायला नाही विसरला. ऑफिसच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, गोवऱ्या थापणार काय?” मी म्हटलं, “थापते ना, तुझ्या तोंडावर!”

महिन्याभरात हौदानं जीव धरला. मग रात्रपाळीनं एकदा सगळं ॲसिड तसंच हौदात सोडून दिलं आणि जिवाणू मेले. चुकून म्हणे. चुकून! मी पुन्हा घमेलं उचललं. या वेळी त्या बाईनं विचारलंही नाही, नुसतं गोठ्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर ॲसिडच्या व्हॉल्व्हला मी माझं कुलूप घातलं.

पाहुणा ठरल्याप्रमाणे आला. टाकी रिकामी करून मी नाल्याच्या तोंडचं पाणी भरलं. फिकट पिवळसर होतं, पण आरपार दिसत होतं. मासे मीच सोडले. अख्खं ऑफिस व्हरांड्यात जमलं होतं. मासे तळाशी बसले, मग वर आले, मग फिरायला लागले. पाहुणा अर्धा तास खुर्ची टाकून बसला आणि हात मिळवून गेला. मासे जगले म्हणून पडलेले चेहरे मी आयुष्यात त्याच दिवशी पाहिले.

गाडी गेटाबाहेर पडली. मी हौदाशी जग धूत होते. साहेब आले, मागे चार कामगार होते. साहेबांनी तळहात पुढे केला.

“झालं ना? आणा चावी.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ब्लोअर चालू होता, त्याचं बटण आत आणि खोलीला कुलूप होतं. मी चावी हौदात टाकली. फेसात बुडुक झाली.

“घ्या काढून,” मी म्हटलं. “नाहीतर सांगा ह्यांना, कुलूप तोडा आणि पाणी नासवा म्हणून. मोठ्यानं सांगा.”

साहेबांनी कामगारांकडे पाहिलं. त्यांतले दोघे त्याच खाडीकाठचे होते. कुणी हललं नाही. साहेबांनी काही सांगितलं नाही. ब्लोअर घरघरत राहिला.

संध्याकाळी मी घमेलं परत द्यायला गावात गेले. बाईनं ते उलटं करून आपटलं, नीट धुतलंय का पाहिलं.

“पानी बरा झाला काय?”

“आज बरं आहे, मावशी.”

“आजचा नको सांगू. उद्याचा सांग.”

“उद्या सकाळी येते ना मी कामावर,” मी म्हटलं.

तिनं घमेलं पुन्हा माझ्या हातात दिलं. “मंग ठेव तुझ्याकरंच.”