कूलरसमोर मांडलेली चार ऑर्किडं

एप्रिलच्या मध्यावर सासूबाई न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि बायको तीन महिन्यांसाठी उमरेडला गेली. जाताना तिने घराबद्दल फार काही सांगितलं नाही. मी नागपूरजवळ वाडीच्या एका गोदामात मालाची आवक-जावक सांभाळतो, घरातही सगळं यादीवर चालतं, हे तिला ठाऊक आहे. सूचना दिल्या त्या फक्त तिच्या चार ऑर्किडांबद्दल. पूर्वेच्या खिडकीत राहू द्या, आठवड्यातून दोनदा पाणी, बाकी काही करू नका.

ही शेवटची सूचना मी यादीत लिहिलीच नाही. न करायच्या गोष्टीपुढे खूण कशी करणार?

ती झाडं तिची एकटीची. घरात आणलेली बाकी प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या सोयीची असते; ही तिने स्वतःसाठी घेतली होती. तीन वर्षं नुसती पानं सांभाळल्यावर मागच्या थंडीत पहिल्यांदा फूल आलं, तेव्हा तिने शेजारणींना खास चहाला बोलावलं होतं.

मे लागला आणि पूर्वेच्या खिडकीची काच सकाळी आठलाच तापू लागली. मी बैठकीत कूलर सुरू केला आणि चारही कुंड्या त्याच्यासमोर स्टुलांवर मांडल्या. मे महिन्यात नागपुरात आलेल्या पाहुण्याला आपण जिथे बसवतो, तिथेच. दोन आठवडे दिवसभर ओल्या हवेचा झोत, वर ठरलेलं पाणी आठवड्यातून दोनदा. पानं सुरकुतली तेव्हा वाटलं, झाडं तहानली. पाणी दोनाचं चार वेळा केलं.

मग एका सकाळी एक झाड सरळ करायला गेलो आणि ते अलगद हातात आलं. खाली मुळं म्हणून जे होतं ते तपकिरी आणि पोकळ होतं, चिमटीत धरताच साल निघून आत दोरा उरत होता. बाकीच्या तिघांचीही तीच गत.

त्या रविवारी उमरेडला गेलो. बायकोने आईच्या औषधांबद्दल सांगितलं आणि मग विचारलं, "झाडं कशी आहेत?"

"ठीक आहेत," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत बसून मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. मुळं फुटायला घरगुती उपाय इतके असतील याची मला कल्पना नव्हती. सडलेली मुळं कापून कापाला दालचिनीची पूड लावायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढे मात्र प्रत्येकाचं वेगळं. मी कोणालाच नाराज केलं नाही. फ्रिजवर तक्ता लावला. सोमवारी नारळपाणी, मंगळवारी कोरफडीचा गर, बुधवारी तांदळाचं धुवण, गुरुवारी मध घातलेलं पाणी, शुक्रवारी केळीच्या साली भिजवलेलं पाणी. शनिवार रिकामा होता, तिथे पुन्हा नारळपाणी.

दहा दिवसांत काय झालं, तर मुंग्या झाल्या. कुंड्यांना आंबूस वास येऊ लागला आणि एका झाडाचा मधला कोंब काळा पडून हातात आला. ते झाड गेलं. बायकोने पुन्हा विचारलं, मी पुन्हा "ठीक आहेत" म्हणालो.

गोदामाच्या वाटेवर, अमरावती रोडला एक नर्सरी आहे. उरलेली तीन झाडं खोक्यात घालून मी तिथे गेलो. नर्सरी चालवणाऱ्या बाईंनी एक झाड उचलून नाकाजवळ नेलं.

"काय काय पाजलं भाऊ याले?"

मी खिशातून तक्ता काढून दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"अन् याले मुळं किती हाय?"

"नाहीत जवळजवळ."

"मंग ते पिईन कशानं? पेशंट आयसीयूत हाय अन् तुमी पंगत वाढून राहिले." त्यांनी तक्ता माझ्या हातात परत दिला. "ठेवलं कुठी होतं?"

"कूलरसमोर."

"काहून? ते का जावई होय तुमचे?"

त्यांनी सांगितलं ते फार थोडं होतं. झाडं स्वच्छ धुवा. ओलसर, पिळून घेतलेल्या शेवाळावर नुसती टेकवा, पुरू नका. वरून झाकण सैल ठेवलेला पारदर्शक डबा. सावली. समुद्री शेवाळाचा अर्क पाण्यात अगदी पातळ करून आठवड्यातून एकदा फवारा, तोही खालूनच, पानांच्या बेचक्यात थेंब राहता कामा नये. नारळपाण्याने फायदा होतो म्हणतात, पण ताजं, भरपूर पाणी घालून आणि मुळं आल्यावर. मग म्हणाल्या, "अन् रोज उचलून पाहू नका. तुमी पाहानच, म्हनून सांगून राहिली."

मी फ्रिजवरचा तक्ता काढला. नव्या यादीत आठवड्याला एकच काम उरलं आणि बाकीचे सहा दिवस मला जड गेले. डबा उघडायचा नाही म्हणून मी तो बैठकीतून काढून आतल्या खोलीत कपाटावर ठेवला, म्हणजे स्टूल घेतल्याशिवाय दिसू नये.

जूनमधल्या एका रविवारी उमरेडला गेलो तेव्हा बायको म्हणाली, "बुधवारी मी येऊन जाते. दिवसभर आईपाशी बसायला शेजारच्या काकूंना सांगितलंय."

"कशाला धावपळ?"

"झाडं बघायची आहेत," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. मोबाइलमध्ये शुक्रवारी फवारताना काढलेला एक फोटो होता. एका झाडाच्या खोडाला, अगदी खालच्या पानाशी, तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसत होता. ते मूळ आहे की माझ्या डोळ्यांचा खेळ, हे मला कळत नव्हतं. तो ठिपका नसता तर मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं का, हे खात्रीने सांगता येत नाही. बाहेर आलो आणि सगळं सांगितलं. कूलर, मुंग्या, गेलेलं झाड, तक्ता, आणि शेवटी फोटोतला तो ठिपका.

ती म्हणाली, "काहीतरी झालंय हे मला पहिल्याच रविवारी कळलं."

"कसं?"

"तुम्ही कधी नुसतं ठीक म्हणता का? पानं किती, पाणी किती, कोणत्या वारी, सगळं सांगता. दोन शब्दांत उरकलंत तेव्हाच समजले. कुठलं गेलं?"

"जांभळं."

जांभळं म्हणजे फूल आलेलं. मग तिने हात पुढे केला. मी मोबाइलवर फोटो उघडून दिला. तिने तो मोठा केला, चष्मा वर सारून डोळ्यांजवळ नेला.

"मूळच आहे," ती म्हणाली. "टोक गोल आहे, हिरवं आहे. आणि हे बघा, पलीकडे अजून एक फुगतंय."

ते दुसरं मला दिसलंच नव्हतं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी खुर्चीला पूर्ण पाठ टेकवली.

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, झाडाले नारळपाणी पाजलं म्हनता. इथं मी दोन महिन्यापासून पडून हावो, मले एक नारळ नाही आणला तुमी."

बायको हसली, आणि मीही. मग तिने फोन उचलून शेजारच्या काकूंना लावला.

"काकू, बुधवारचं राहू द्या," ती म्हणाली. "नाही, नाही, सगळं बरं आहे. आता हे बघतील."