पुलावर घेतलेलं नाव

नागपूर तिकडच्या राज्यात गेलं अन् सौंसरजवळचं आमचं गाव मध्य प्रदेशात राहिलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. माहेर परराज्यात पडलं म्हणून मी उगाच डोळे गाळत बसायचे. खरं रडणं पुढेच होतं.

आमच्या संत्र्याच्या मळ्यापाशी नाल्यावर एक सिमेंटचा रेल्वेपूल होता. इंग्रजांनी मँगनीजच्या खाणीकडे गाडी न्यायला बांधलेला. पुढे महायुद्धात रूळ उखडून नेले, खाणही बंद पडली, पूल तेवढा राहिला. ना कठडा, ना काही. बांधताना एक खांब टिकेना म्हणून त्यात माणूस पुरला, असं सगळे छातीठोक सांगत. कोणी पाहिलं? कोणीच नाही! पण पुलावर कोणाचं नाव घ्यायचं नाही, हे मात्र गावभर पाळत. नाव घेतलं की पूल ते माणूस ठेवून घेतो म्हणे.

माझी लेक तेव्हा मांडीवरची. तिचा घसा धरला, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. नवरा पुरामुळे बोरगावला अडकलेला. डॉक्टर सौंसरला, नाला दुथडी, अन् वाट एकच, त्या पुलावरची. सासूनं पोरीला पदरात घट्ट बांधलं.

"चाल. अन् पुलावर तोंड उघडशीन तं याद राख."

सासू म्हणजे नुसती आग. तिला मी पुलापेक्षा कमी भीत नव्हते.

ती पुढे, मी मागे. खाली गढूळ पाणी, पायाखाली शेवाळ. पोरीची शिट्टी ऐकू येत होती, तिच्याच आधारानं मी चालत होते. मधोमध शिट्टी थांबली.

सासूही थांबली. "जित्ती हाये का वं माझी पोर?" एवढंच विचारायचं होतं, पण भेवानं तोंड उघडेना. सासूनं पोरीला हलवलं, पाठीवर थापटलं. काही नाही. मग तिनं पाण्याकडे तोंड केलं अन् जोरानं एक नाव घेतलं. पुन्हा घेतलं. पुन्हा.

कोणाचं ते मला कळेना. आमच्या घरात त्या नावाचं कोणीच नव्हतं. पोरगी दचकली, खोकली अन् तिनं टाहो फोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई दिली, "वेळेवर आणली," म्हणाले. कंपाउंडरनं सासूला विचारलं, "पोरीला कोण घेऊन आलं? नाव सांगा."

सासूनं मान खाली घालून सांगितलं. पुलावरचंच नाव! घरात ती साऱ्यांची माय अन् माझी आत्याबाई, त्यापलीकडे तिला नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आत्याबाई, हे काय केलं वं तुम्ही?" मला हुंदका आवरेना.

"चूप राय. लोकं पाहून राहिले."

त्यानंतर सासू पुष्कळ वर्षं जगली. पण तिला साधा खोकला आला तरी माझी नजर आधी त्या पुलाकडे जायची.