उसावरची तार

माझ्या वहीत ट्यूनरसाठी एक पान आहे. ट्यूनर म्हणजे काळ्या पत्र्याची जुनी पेटी. वायरलेस सेट आणि अँटेनाची तार यांचं ती जुळवून देते. पुढे दोन चकत्या, मधे हँडल. कुठली चकती किती आकड्यावर, हँडलचे फेरे किती, हे मी लिहून ठेवते आणि मिनिटात सेट लावते.

पेटी मला रहिमतपूरच्या एका काकांनी दिली. ते लष्करात सिग्नलमध्ये होते. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी वायरलेस, मला त्यांनीच शिकवला. आता कान गेले. नव्या पद्धतीचा चिरका आवाज त्यांना लागत नाही, जुन्या एएमचा भरीव आवाज तेवढा कळतो. परवा फोनवर म्हणाले, "रविवारी आठला सेट लावून बसतो. तू ऐकू आलीस तर ठीक, न्हाईतर भंगारवाल्याला बोलावलंय." फोनवर ते फक्त बोलतात. माझं 'थांबा' त्यांना पोचलं नाही.

रविवारी पावणेआठला, कडेगावला आमच्या घरी, वही उघडली. आकडे लावले, बोलायचं बटण दाबलं. मीटरचा काटा भलतीकडे, निम्मी ताकद तारेतून परत येत होती. पुन्हा लावले. तेच. पेटी उघडून पुसली. तेच. आठला पाच कमी.

नवरा चहा घेऊन आला. "काल ऊस तुटला, ते लिहिलंयस का वहीत?"

तार शेतावरून जाते. आकडे घेतले तेव्हा खाली डोक्यावर गेलेला हिरवा ऊस होता, आता नुसतं पाचट. खालचं बदललं की तारेचं गणित बदलतं, हे मीच नव्या लोकांना शिकवते.

वही मिटली. काकांची पद्धत आठवली: आधी कान, मग काटा. हँडल हळूहळू फिरवत गेले. एका जागी खरखर एकदम भरून आली. तिथून चकत्या जराशा हलवल्या, कमी ताकदीवर बटण दाबलं. काटा खाली बसला.

"काका, मी बोलतेय. ऐकू येतंय का?"

मागून नवरा म्हणाला, "चहा गार झाला."

फोन वाजला. "लय झकास येतंय. मालक म्हणत्यात चहा गार झाला, आधी पी." मग दारातल्या भंगारवाल्याला, "सेट न्हाई द्यायचा रं. रद्दी घिऊन जा."

काकांना सांगायच्या गोष्टी वेगळ्या पानावर होत्या. अकरा. चहा पिऊन एकपासून सुरुवात केली.