बुऱ्हाणपूरच्या हवेचा डबा

सहलीला निघताना लोक कॅमेरा घेतात, मी धूळ पकडायचं यंत्र घेतलं. बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यात राहणारी माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा वर्षभर खोकते आहे. तिच्या नवऱ्याचे, राजेंद्रचे, पॉवरलूम खालच्या मजल्यावर आणि त्यांच्या बरोबर वर हिची झोपायची खोली. तिचं म्हणणं, पलंग मागच्या खोलीत न्यावा. त्याचं म्हणणं, खोकला थंडीचा. "तू प्रयोगशाळेत आहेस ना? मग मोजूनच दाखव याला," असं ती फोनवर म्हणाली. मी नोकरी करते त्या कॉलेजची, यंत्र न्यायची परवानगी काढली.

नाशिकहून भुसावळमार्गे रेल्वे सोयीची पडते. स्टेशनवरून गाव लांब आहे, सामान असेल तर अख्खी रिक्षाच करा. भुसावळनंतर केळीच्या बागा लागतात आणि डब्यातल्या गप्पा हिंदीकडे सरकतात. मी त्या नुसत्या ऐकत गेले.

यंत्र दिसायला जेवणाच्या डब्यासारखं, एकावर एक ताटल्यांचं. पंप वरून हवा ओढतो. प्रत्येक थराला भोकं आणखी बारीक, म्हणून हवेचा वेग वाढतो. जाड कणांना वळता येत नाही, ते वरच्या ताटल्यांवर आदळून चिकटतात. बारीक कण वळत वळत खाली पोचतात, आणि छातीत खोल जाणारे तेच. मी वजन करून ताटल्यांचे तीन संच नेले होते: पुढच्या, लूमवरच्या खोलीसाठी एक, मागच्या खोलीसाठी एक आणि तिसरा कोरा. कोऱ्या संचाला सगळीकडे न्यायचं, पण त्यातून हवा ओढायची नाही. प्रवासातच वजन बदललं का, ते त्यावरून समजतं.

सकाळी पुढच्या खोलीत पंप सुरू केला, तोच सुनंदाच्या सासूबाई तबक घेऊन आल्या. "घरात नवी मशीन आली अन् अशीच चालू केली? पूजा तर व्हायला पाहिजे ना, बाई!" यंत्राला कुंकू लागलं, कापूर पेटला. पंप बंद करायला मी हात पुढे केला. तेवढ्यात त्यांनी तबक माझ्याकडे वळवलं आणि मलाही ओवाळलं. मला शेवटचं कोणी कधी ओवाळलं होतं, ते आठवेना. हात तसाच राहिला, पंप चालूच.

संध्याकाळी डबा उघडला तर सगळ्यात खालची ताटली काळी.

"देखा?" राजेंद्र खूश. "आईचा कापूर. माझे लूम बेकसूर!"

"मग मी काय कापूर खाऊन खोकते का?" सुनंदा म्हणाली.

तो संच बाद, हे मला सांगावंच लागलं. कोरा सोडला तर आता एकच उरला होता. मागची खोली सोडून तो पुन्हा पुढच्या खोलीत लावला.

दुसरा दिवस असीरगडाच्या किल्ल्यासाठी ठेवला होता, तो राहिला. तुम्ही जाणार असाल तर सकाळीच निघा, चढ उन्हाचा आहे म्हणतात. मी पंप चालू असेपर्यंत तापीच्या घाटावर बसून राहिले. येताना गरम मावा जिलेबी घेतली, ती मात्र चुकवू नका. पण एकटीला पाव किलो फार होते.

नाशिकला परत येऊन वजनं केली. कोरा संच गेला तसाच परत आला होता, म्हणजे बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. पुढच्या खोलीतली बारीक धूळ खालच्या ताटल्यांवर भरपूर होती. सुनंदाला फोनवर मी तेवढंच सांगितलं. "मागच्या खोलीत कमी असेल, असं मला म्हणता येणार नाही. ती मोजायची राहिली. आणि खोकला त्यानेच, हे डॉक्टरच सांगतील. पुन्हा यावं लागेल मला."

"पलंग कालच हलवला सासूबाईंनी," सुनंदा म्हणाली. "तू वजनं करेपर्यंत धीर नाही निघाला त्यांना. आता ये, पण मोजायला नको, राहायला ये."

हो म्हणाले. तारीख सांगितली नाही.

बाद झालेल्या ताटल्या धुऊन ठेवल्यात. सगळ्यात खालची, कापराने काळी झालेली, तेवढी राहिली आहे. पुढच्या वापराआधी तीही धुवावी लागेल.