टिनाखालचं धाबं

सुगंधाबाई कोणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी भिंतीवर तळहात ठेवत. वैद्य नाडी बघतो तसा. मग निकाल देत. "गार हाये. बसतो मी." किंवा, "चहा ठेवू नोको वं बाई, मी उठतोच." जऊळक्यात आमचे घर त्यांच्या शेजारी होते आणि आमची भिंत त्यांना पसंत होती. त्यामुळे उन्हाळ्यातल्या दुपारी त्या आमच्याकडेच असत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलाला, वामनला, रेल्वेत कायमची नोकरी लागली. त्याने घराचे जुने धाबे, म्हणजे लाकडांवर पांढरी माती अंथरलेले सपाट छप्पर, उतरवले आणि टिना, म्हणजे लोखंडी पत्रे, टाकल्या. वस्तीतले टिनाचे ते पहिले घर. स्टेशनावर उतरणाऱ्याला ते चमकताना दिसे. ड्यूटीवरून परतताना वामन सोबतच्यांना थांबवून विचारी, "दिसते ना?" ते न दिसणे शक्य नव्हते.

उतरवलेली माती सुगंधाबाईंनी फेकू दिली नाही. अंगणात ढीग करून ठेवला. लोक हसले तेव्हा म्हणाल्या, "माह्या सासऱ्यानं डोक्यावर आणली थे माती. पडून हाये त तुमचं काय खाऊन राह्यली?"

पुढच्या उन्हाळ्यात धाकटी लेक कुसुम पहिल्या बाळंतपणासाठी आली. वैशाखात टिना तडतडू लागल्या. कुसुम सकाळची भाकरी झाली की आमच्या घरी येऊन पडे. ही बातमी रिठदला तिच्या सासरी पोचली. सासरे किसनराव यांनी निरोप धाडला: येऊन घर पाहतो, भट्टी असेल तर सून परत नेतो.

पहिले बाळंतपण सासरी, म्हणजे माहेर असून नसल्यासारखे. सुगंधाबाई दोन घास कमी जेवल्या, पण आवाज कमी झाला नाही. "लेक माही, अन् बाळंतपण इहिनीच्या हातचं? मंग डिंकाचे लाडू मी काय भिंतीले चारू?"

वामन ड्यूटीवर असताना त्यांनी माती कालवली आणि सरळ टिनांवर थापली. माती वाळली, सुटली आणि उतारावरून घसरत आमच्या अंगणात, वाळत घातलेल्या कुरडयांवर आली. माझी आई ओरडत बाहेर धावली. सुगंधाबाई शिडीवरूनच म्हणाल्या, "वहिनी, रागावू नोका. तुमचं घर गार हाये, म्हणून तिकडं गेली थे."

संध्याकाळी वामनने टिना धुतल्या. "माय, वरून माती टाकशीन त टिन कोणाले दिसन?"

"लोकं वरून पाह्यतात, बापू. आपण खाली राह्यतो."

पण हाच वाद करता करता त्यांना वाट सापडली. टिना वर चमकू द्यायच्या आणि धाबे खाली घालायचे. भिंतींवर बांबू आडवे टाकले, त्यांवर तुरीच्या काड्या दाट बांधल्या, वर पळसाची पाने आणि त्याच जुन्या मातीत कुटार, म्हणजे भुसा, कालवून पातळ थर. टिन आणि माती यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवली. दोन्ही टोकांना हवेसाठी झरोके. "टिनाचं ऊन टिनापाशी राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याले घरात जेवाले बोलवू नोको." वामनने टिनांना धक्का लागणार नाही, या अटीवर बांबू धरले.

किसनराव भर दुपारी आले. टोपीने वारा घेत भिंतीला टेकून बसले.

"जयभीम, इहिनबाई. सूनबाईचं सामान बांधलं काय?"

"बांधतो. पयले पाणी प्या."

त्यांनी वर पाहिले. "टिना कोठं गेल्या?"

"वर हायेत. आपल्या ड्यूटीवर."

टोपी हलायची थांबली. "तरी बी इहिनबाई..." एवढे बोलून किसनराव झोपले. परतीच्या पॅसेंजरने शिटी दिली तेव्हा कुसुम त्यांना उठवायला गेली. सुगंधाबाईंनी तिला अडवले. "थांब. पंचनामा सुरू हाये."

जाग आली तेव्हा गाडी गेली होती. किसनराव आणखी एक दुपार झोपले आणि एकटेच रिठदला परतले. कुसुमला मुलगी झाली. पुढे वस्तीत ज्याने ज्याने टिना टाकल्या, त्याच्या भिंतीला सुगंधाबाई हात लावून येत, आणि आठवड्याच्या आत त्या घरी तुरीच्या काड्या जमू लागत.

त्या गेल्या तेव्हाही वैशाखच होता. घर माणसांनी भरले. किसनराव आता म्हातारे झाले होते. रडत आले आणि त्याच भिंतीला टेकून बसले. वंदना झाली, निघायची वेळ झाली, तेव्हा त्यांना झोप लागली होती. कुसुम त्यांना उठवायला वाकली. वामनने तिचा हात धरला.

"राहू दे. उन्हं उतरू दे जरा. मायले बी उन्हात निघनं पटलं नसतं."